जुळ्यांचं बाळंतपण आणि भूल: दुसरं बाळ येईपर्यंत

सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: नॉर्मल होईल का सिझर करावं लागेल? मग तारीख कधीची, वजनं किती, बाळांना पेटीत ठेवावं लागेल का, हे सगळं विचारून होतं. भूल कोण देणार आणि तो माणूस त्या वेळी कुठे असणार, हा प्रश्न मात्र नववा महिना लागला तरी कुणाच्या तोंडी येत नाही. मी पुण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, तेव्हा मला हाच प्रश्न मोठा वाटणं साहजिक आहे. पण जुळ्यांच्या बाबतीत तो खरोखरच वरच्या नंबरचा आहे, आणि त्याला आईच्या कळांपेक्षाही दुसरं बाळ कारणीभूत आहे.

एकच बाळ असेल तर ते बाहेर येऊन रडलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. जुळ्यांत पहिलं बाळ रडतं, बाहेर फोन जातात, मामा पेढे आणायला निघतो, आणि आत टेबलाभोवतीची माणसं तशीच ताठ उभी असतात. पहिलं बाळ निघाल्यावर पोटात एकदम जागा होते. इतके दिवस दाटीवाटीनं राहिलेलं दुसरं बाळ त्या जागेत फिरू शकतं. डोकं खाली असलेलं आडवं होतं, आडवं असलेलं पायाळू होतं. कळा मंदावतात. पाणमोट फुटताना बाळाच्या आधी नाळ खाली घसरू शकते, वार वेळेआधी सुटू शकते. बहुतेक वेळा यातलं काही होत नाही आणि दुसरं बाळ अर्ध्या तासाच्या आत निमूट येतं. पण होतं तेव्हा मिनिटांत होतं. मग डॉक्टरांना एकतर गर्भपिशवीत हात घालून बाळाचे पाय धरावे लागतात, नाहीतर सरळ पोट उघडावं लागतं. भूल नसेल तर आईला यातलं काहीच सोसवणारं नाही.

म्हणूनच जुळ्यांचं नॉर्मल बाळंतपण ठरलं असेल तर एपिड्युरलचा, म्हणजे पाठीत मऊ नळी घालून तिच्यातून कळा बोथट करणारं औषध देत राहण्याचा, सल्ला दिला जातो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट लिहिलंय, की एपिड्युरल असेल तर दोन्ही बाळं खालून होण्याची शक्यता वाढते आणि घाईचं सिझर लागलंच तर तेही लवकर होतं. ही सक्ती नाही. कळा सोसायची तयारी असलेली बाई एपिड्युरलशिवायही जुळ्यांना जन्म देते, आणि पिढ्यान्‌पिढ्या दिलाच आहे. फक्त तिनं नकार देताना आपण काय नाकारतोय ते नीट कळून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.

कळा कुठून येतात

गर्भपिशवीचं तोंड उघडेपर्यंतच्या कळा पिशवीच्या आकुंचनातून आणि तोंड ताणलं जाण्यातून येतात. या वेदना वाहणाऱ्या नसा मज्जारज्जूत शिरतात त्या बेंबीपासून जांघेपर्यंतच्या पट्ट्याच्या नसांबरोबरच. त्यामुळे ओटीपोट, कंबर, मांड्या असं सगळंच दुखतं आणि नेमकं कुठे यावर बोट ठेवता येत नाही. बाळ खाली सरकून मार्ग ताणायला लागलं की माकडहाडाजवळच्या नसा कामाला लागतात. ही वेदना एकाच जागी, फाटल्यासारखी असते. एपिड्युरलनं या दोन्ही गटांच्या नसा गाठता येतात. बाकीच्या उपायांना ते पुरतं जमत नाही.

बाकीचे उपाय टाकाऊ आहेत असं नाही. ओळखीचं माणूस शेजारी असणं, कमरेला मालिश, कूस बदलत राहणं, श्वासाचा ताल धरणं यांनी खरंच फरक पडतो. जुळ्यांत हिंडण्याफिरण्यावर थोडी बंधनं येतात, कारण दोन्ही बाळांचे ठोके सतत बघण्यासाठी पोटाला पट्टे लावलेले असतात. काही रुग्णालयांत अर्धा ऑक्सिजन आणि अर्धा नायट्रस ऑक्साइड असलेला वायू मास्कमधून ओढायला देतात. कळ सुरू होतानाच ओढला तर शिखर थोडं बोथट होतं, डोकं हलकं होतं, थांबलं की परिणाम जातो. ट्रॅमाडॉल किंवा पेथिडिनचं इंजेक्शन दंडात किंवा सलाईनमधून देतात, पण ते आईला जितकं गुंगवतं तितकं कळांना गुंगवत नाही. वारेतून बाळांकडेही जातं आणि जन्मल्यावर त्यांचा श्वास मंद करू शकतं. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आधी जन्मतात, म्हणजे आधीच नाजूक असतात. त्यामुळे जुळ्यांत ही इंजेक्शनं मला फारशी आवडत नाहीत.

'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' हे वाक्य सासूबाईंकडून येणार, हे गृहीत धरा. व्हिक्टोरिया राणीनं 1853 साली तिच्या आठव्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतलं, तेव्हा लंडनमध्येही कळा सोसल्याच पाहिजेत म्हणणारे पुष्कळ होते. राणीनं चार वर्षांनी पुढच्या बाळंतपणात पुन्हा क्लोरोफॉर्म घेतलं.

एपिड्युरल प्रत्यक्षात कशी देतात

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली पाठीच्या कण्यात फक्त नसांचा झुबका, पाण्यानं भरलेल्या एका पडद्याच्या पिशवीत असतो. एपिड्युरलची सुई या पिशवीच्या बाहेरच थांबते. पिशवीच्या बाहेर चरबी आणि रक्तवाहिन्यांची एक अरुंद जागा आहे, तिथे सुईतून केसाहून थोडी जाड, मऊ नळी सोडायची, सुई काढून घ्यायची आणि नळी पाठीला चिकटपट्टीनं चिकटवायची. म्हणजे पाठीत सुई राहत नाही. हे सांगूनही पटत नाही, मग मी ती नळी हातात देऊन वाकवून दाखवते.

तुम्हाला काय करायचं असतं? एका कुशीवर किंवा बसून पाठीची कमान करायची आणि दोन कळांच्या मधल्या वेळात हलायचं नाही. जुळ्यांचं पोट असताना पाठ वाकवणं सोपं नसतं, हे आम्हाला कळतं. आधी कातडी बधिर करायचं बारीक इंजेक्शन टोचतं, पुढे दाब कळतो, क्वचित पायात विजेसारखी चमक जाते. चमक आली तर कुठल्या पायात ते लगेच बोलायचं. नळी बसली की थोडं औषध देऊन ती भलत्या जागी, म्हणजे रक्तवाहिनीत किंवा पाण्याच्या पिशवीत, गेली नाही ना ते तपासतो. मग बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध आणि जोडीला थोडंसं फेंटानिल हे वेदनाशामक. पंधरा-वीस मिनिटांत कळा बोथट होतात. पोट कडक होतंय हे कळतं, दाब कळतो, पाय जड वाटतात पण हलतात. आजकाल औषध खूप पातळ, म्हणजे पाव टक्क्याच्याही निम्म्याहून कमी असतं, त्यामुळे बाळाला ढकलायची ताकद राहते.

आता कमरेबद्दल. 'ते कमरेतलं इंजेक्शन घेतलं आणि माझी कंबर गेली ती गेलीच' हे वाक्य पुण्यातल्या निदान निम्म्या घरांत कुणीतरी म्हटलेलं आहे. टोचल्या जागी चार-आठ दिवस दुखतं, ते खरं. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत सारखीच आढळते. मोठ्या अभ्यासांचे एकत्र केलेले निष्कर्ष हेच सांगतात. नऊ महिने दोन बाळांचं वजन पुढे लोंबलेलं, सैल झालेले सांधे, आणि नंतर दोघांना आळीपाळीनं कडेवर घेऊन वाकून झोळीत ठेवणं: कंबर दुखायला एवढं पुरे आहे. इंजेक्शन तेवढं लक्षात राहतं, म्हणून शिव्या तेच खातं.

एपिड्युरलमुळे सिझरचं प्रमाणही वाढत नाही. शेवटचा टप्पा थोडा लांबतो, पूर्वीच्या दाट औषधात बाळ ओढून काढायचे चिमटे (फोर्सेप्स) जास्त लागत. पातळ औषधात तो फरक बराचसा गेला आहे. खरे तोटे वेगळे आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. रक्तदाब उतरतो, म्हणून सलाईन आणि सतत मोजणी. अंगाला खाज सुटते, हुडहुडी भरते, लघवीची जाणीव जाते म्हणून नळी घालावी लागते. साधारण आठ-दहा जणींत एकीला एपिड्युरल पुरेशी लागू होत नाही, एकीकडेच लागते किंवा एखादा पट्टा दुखत राहतो. शंभरात एखादीची सुई पडद्याच्या आत जाते आणि नंतर डोकं दुखतं, त्याबद्दल शेवटी. नसेची कायमची इजा दहा हजारांत एकीपेक्षाही कमी.

एकीकडेच लागलेली एपिड्युरल ही एकट्या बाळाच्या वेळी गैरसोय असते. जुळ्यांत ती धोका असते, कारण घाईच्या वेळी हीच नळी आपल्याला हवी असते. 'जाऊ दे, थोडंच तर दुखतंय' असं म्हणून सोसत बसू नका. सिस्टरला सांगा, भूलतज्ज्ञाला बोलवा, नळी थोडी मागे घेऊन बघू, नाहीतर नवी घालू. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर हे सगळं करायला वेळ नसतो. म्हणूनच जुळ्यांत कळा नीट सुरू झाल्यावर एपिड्युरल लवकरच घालून ठेवावी, असं मी सुचवते. औषध हवं तेवढंच सोडता येतं.

पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे

जुळ्यांचं नॉर्मल बाळंतपण बहुतेक ठिकाणी ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा त्याच्या शेजारच्या खोलीत करतात. गर्दी बघून बाया घाबरतात: दोन प्रसूतितज्ज्ञ, दोन बाळांसाठी दोन वेगळी टेबलं आणि शक्यतो दोन बालरोगतज्ज्ञ, सिस्टर, मावशी आणि डोक्याशी आम्ही. काहीतरी बिघडलंय म्हणून ही गर्दी जमलेली नसते, माणसं आधीपासून मोजून बोलावलेली असतात.

पहिलं बाळ आलं की त्याची नाळ बांधतात आणि लगेच कुणीतरी पोटावर दोन्ही हात ठेवून दुसऱ्या बाळाला उभं धरून ठेवतं. सोनोग्राफीचं मशीन फिरवून ते कसं आहे ते बघतात. डोकं खाली असेल तर ऑक्सिटोसिनचं सलाईन वाढवून कळा पुन्हा आणतात आणि वाट बघतात. ठोके चांगले असतील तर घड्याळाला घाबरायचं कारण नाही. आडवं असेल तर दोन वाटा असतात. पोटावरून दाबून डोकं खाली वळवायचं, किंवा आत हात घालून पाय शोधायचे आणि पायाकडून बाळ ओढून घ्यायचं. दुसरी वाट अनुभवी हातात फार चांगली चालते, पण हाताला कोपरापर्यंत आत जावं लागू शकतं. एपिड्युरल चालू असेल तर आई शुद्धीत राहून, डोळे मिटून, दाब सोसून हे पार पाडते. नसेल तर तिला पूर्ण भूल देऊन झोपवावंच लागतं.

इथे एक बारकावा आहे, तो डॉक्टर मंडळीही कधी विसरतात. एपिड्युरल वेदना घालवते, ओटीतले स्नायू सैल करते, पण गर्भपिशवीला सैल करत नाही. पिशवी बाळाभोवती आवळून बसली तर आतला हात अडकतो. तेव्हा आम्ही शिरेतून अगदी थोडं नायट्रोग्लिसरिन देतो, छातीत दुखणाऱ्या हृदयरुग्णाला देतात तेच. मिनिटाभरात पिशवी सैल पडते, काही मिनिटांत परिणाम ओसरतो. रक्तदाब त्याबरोबर उतरतो, म्हणून दुसऱ्या हातात रक्तदाब वाढवायची सिरिंज तयार असते. प्रसूतितज्ज्ञ 'सैल करा' म्हणतात, आम्ही औषध देतो, ते पाय धरतात, बाळ येतं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. बाहेरच्यांना यातलं काही कळतही नाही.

आणि कधी यातलं काहीच जमत नाही. पहिलं खालून, दुसरं सिझरनं. याची फार भीती असते, म्हणून आकडा सांगते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, 25 देशांतल्या सुमारे 2,800 बायकांच्या अभ्यासात पहिलं बाळ डोक्याकडून असलेल्या जुळ्या आया होत्या. निम्म्यांचं सिझर ठरवलं होतं, निम्म्यांचं नॉर्मल. बाळांच्या जिवाला आणि गंभीर त्रासाला दोन्ही गटांत फरक पडला नाही. नॉर्मल ठरवलेल्या गटात दोन्ही बाळं सिझरनं झालेल्या बायका शंभरात चाळीसच्या आसपास, आणि एक खालून एक वरून अशा शंभरात चारच. या चौघींपैकी आपण असलो आणि एपिड्युरलची नळी नीट चालत असली, तर तिच्यातूनच दाट औषध देऊन पाच-दहा मिनिटांत पोट सिझरपुरतं बधिर होतं. नळी नसली आणि बाळाचे ठोके पडलेले असले, तर पूर्ण भूल.

पूर्ण भूल वाईट नाही. ती वेगवान आहे आणि तिनं अनेक बाळं वाचवलेली आहेत. पण कळा सुरू असलेल्या बाईचं अन्न पोटात साठून राहतं, बेशुद्धीत ते वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. घशाला सूज असते, श्वासाची नळी घालणं अवघड जातं. आणि आई आपल्या बाळांचं पहिलं रडणं ऐकत नाही. जुळ्यांचं मोठं पोट छातीला वर ढकलत असतं, त्यामुळे तिचा ऑक्सिजनही भराभर उतरतो. टाळता आली तर टाळावी, लागली तर क्षणही न घालवता द्यावी.

आमच्या शहरातली खरी अडचण

पुण्यात ससून हे सरकारी रुग्णालय बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथे भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर रात्रंदिवस इमारतीत असतात. मोठ्या खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांतही तशी व्यवस्था असते. पण शहरातली कितीतरी बाळंतपणं गल्लीतल्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये होतात. तिथले प्रसूतितज्ज्ञ वर्षानुवर्षांचे ओळखीचे, अनुभवी, रात्री दोनला वरच्या मजल्यावरून खाली येणारे. भूलतज्ज्ञ मात्र बोलावल्यावर येतात. आम्ही एका केसहून दुसरीकडे स्कूटरवर किंवा गाडीतून जात असतो, आणि संध्याकाळी सातला सिंहगड रोडवरून हडपसरला पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला मी सांगायला नको. एकट्या बाळाच्या सुरळीत बाळंतपणात हे चालून जातं. जुळ्यांत चालत नाही.

म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा. कळा सुरू झाल्यापासून दुसरं बाळ होईपर्यंत भूलतज्ज्ञ इमारतीत थांबणार आहेत का? रात्री एपिड्युरल मिळते का, की फक्त दिवसा? रक्तपेढी किती लांब आहे आणि बाळांचं आयसीयू इथेच आहे का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाहीत. 'आपल्याकडे जुळं नॉर्मल करायची तयारी नाही, मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवा' असं जे स्वतःहून सांगतात, त्यांच्याबद्दल माझा आदर वाढतो. तारीख अनंत चतुर्दशीच्या आसपासची असेल आणि रुग्णालय पेठांत असेल, तर कुठल्या बाजूनं गाडी आत येते तेही आधीच बघून ठेवा. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते आणि मधले रस्ते बंद असतात.

खर्चाची काळजी असेल तर सरकारी रुग्णालयात 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं आणि रक्तासकट मोफत असतं. कळांसाठीची एपिड्युरल तिथे कोणत्या वेळी मिळते, ते मात्र नाव नोंदवतानाच विचारावं.

सिझर ठरलं असेल तर

पहिलं बाळ आडवं किंवा पायाळू असेल, दोघं एकाच पाणमोटेत असतील, किंवा तुम्हीच तसं ठरवलं असेल, तर सिझर. त्यासाठी बहुतेक वेळा स्पायनल देतात. ही सुई एपिड्युरलपेक्षा खूप बारीक असते आणि पाण्याच्या पिशवीच्या आत जाते. दोनेक मिलिलिटर औषध एकदाच दिलं जातं, नळी ठेवत नाहीत. पाच मिनिटांत पाय गरम, मग जड, मग आपले नसल्यासारखे. बधिरपणा छातीपर्यंत चढावा लागतो, कारण पोटाच्या आतल्या पडद्याच्या नसा तिथपर्यंत जातात. थंड कापूस किंवा स्प्रे लावून आम्ही पातळी तपासतो. तपासल्याशिवाय कुणी सुरी लावत नाही. ओढाताण, दाब, हलवाहलव कळते. चिरण्याची वेदना कळू नये, आणि कळली तर मोठ्यानं सांगायचं, लाजायचं नाही.

जुळ्यांत रक्तदाब जास्त झपाट्यानं उतरतो. दोन बाळं, दोन वारा आणि पाणी यांचं वजन पाठीवर झोपल्यावर पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतं. म्हणून तुम्हाला डावीकडे थोडं कलतं झोपवतात. 'गळल्यासारखं होतंय, मळमळतंय' हे त्याचं पहिलं लक्षण. तेवढं बोललात की औषध सुरू होतं.

उपाशी राहण्याचा नियम लोकांना कळतो, चहाचा कळत नाही. ठरलेल्या सिझरच्या आधी सहा तास काही खायचं नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पोटाच्या दृष्टीनं अन्नच आहे, त्यालाही सहा तास. 'अर्धा कपच घेतला' म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं की सगळ्यांची चिडचिड होते. मुहूर्ताचंही थोडं बोलते. दिवसाढवळ्या, सगळी माणसं हजर असतानाचा मुहूर्त काढून आणलात तर माझी हरकत नाही. पहाटे तीन चाळीसचा आणलात तर आहे. जुळ्यांना त्या वेळी रक्तपेढीतला जागा तंत्रज्ञ आणि दोन बालरोगतज्ज्ञ लागतात, नक्षत्र त्यांची जागा भरून काढत नाही.

फाइलमधल्या या गोष्टी आम्हाला आधी सांगा

बरीच जुळी आयव्हीएफची असतात आणि त्यांच्या आया कितीतरी महिने पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं घेत असतात, हेपरिनच्या जातीची. त्यावर पाठीत सुई घातली तर आत रक्त साकळून नसांवर दाब येऊ शकतो. नेहमीचा छोटा डोस असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर किमान 12 तास, मोठा डोस असेल तर 24 तास आम्ही थांबतो. कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या तर पुढचं इंजेक्शन स्वतःहून घेऊ नका, आधी फोन करा, आणि शेवटचं किती वाजता घेतलं ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. अॅस्पिरिनच्या छोट्या गोळीनं मात्र अडत नाही.

जुळ्यांत रक्तदाब वाढण्याचा आजार दुप्पट-तिप्पट आढळतो. त्यात प्लेटलेट भराभर उतरू शकतात, म्हणून गेल्या महिन्याचा रिपोर्ट चालत नाही, ताजा लागतो. साधारण 70-80 हजारांच्या वर असतील तर पाठीतली भूल देता येते. आणि दमा असेल तर तो सांगाच, कितीही जुना असला तरी. दोन बाळांनी ताणलेली पिशवी बाळंतपणानंतर आवळायला आळस करते, रक्तस्राव जास्त होतो. दिवस भरलेल्या पिशवीतून मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त वाहत असतं, यावरून घाई कळेल. म्हणून जुळ्यांत दोन जाड सलाईन आणि रक्ताची आधी जुळवणी करतात. पिशवी आवळायच्या औषधांपैकी कार्बोप्रोस्ट दम्यात चालत नाही आणि मेथिलअर्गोमेट्रिन वाढलेल्या रक्तदाबात चालत नाही. ऐन वेळी विचारत बसण्यापेक्षा हे आधी माहीत असलेलं बरं.

मधल्या वेळात आमच्या शेजारच्या टेबलावर दोन्ही बाळांना वेगवेगळे गुण दिले जात असतात, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला: रंग, ठोके, श्वास, हालचाल, चिडणं. अमेरिकेतल्या डॉक्टर व्हर्जिनिया अपगार यांनी 1953 साली ही पद्धत छापली, त्या स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. अभिमानानं सांगते.

नंतरचे दिवस

सिझरनंतर पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी वेदनाशामकं ठरलेल्या वेळी घ्यायची, दुखण्याची वाट बघायची नाही. स्पायनलमध्येच थोडं मॉर्फिन दिलं असेल तर पहिला दिवस बराच सुसह्य जातो, खाज मात्र सुटते. या औषधांनी दूध 'खराब' होत नाही. उलट दुखणाऱ्या आईला दोघांना एकाच वेळी अंगावर धरता येत नाही. बाळं प्यायला लागली की पोटात वळ येतात, ते पिशवी आवळतेय म्हणून. जुळ्यांत जरा जास्तच येतात. पाजायच्या अर्धा तास आधी गोळी घ्यावी.

चोवीस तास उशीशिवाय सपाट झोपायची प्रथा अजून काही ठिकाणी आहे. त्यानं डोकेदुखी टळते याला आधार नाही. पाय हलायला लागले, चक्कर नसली, की सहा-आठ तासांत धरून उठवतात आणि तेच चांगलं.

डोकेदुखीबद्दल सांगायचं राहिलं होतं. पडद्याला पडलेल्या भोकातून पाणी झिरपलं तर एक-दोन दिवसांनी डोकं दुखतं, बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर असह्य, आडवं झाल्यावर कमी, मान आखडते. पाणी, चहा-कॉफी आणि गोळ्यांनी कितीतरी जणींची थांबते. नाही थांबली तर तुमच्याच हातातलं 15-20 मिलिलिटर रक्त काढून त्याच जागी पाठीत सोडतात, भोक बुजतं. बहुतेक आया तासाभरात उठून बसतात. पण झोपूनही न थांबणारं डोकं, डोळ्यांपुढे अंधारी, ताप, किंवा पायात पुन्हा आलेला जडपणा यातलं काही असेल तर बाळंतिणीच्या खोलीत पडून राहायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. डिस्चार्ज कार्डावर भूल दिलेल्या डॉक्टरांचं नाव असतं. घरी गेल्यावरही फोन चालतो. दोन बाळं घेऊन रुग्णालयात यायच्या आधी निदान तेवढा करा.